तालुका माळसोंडा (नियोजित)

आमच्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर नाना, म्हणजे माझे वडील, पत्ता असा लिहायचे : मुक्काम माळसोंडा, तालुका माळसोंडा (नियोजित), जिल्हा लातूर. तालुका खरं तर अहमदपूर होता. हे पोस्टाला, सरकारला, अहमदपूरला आणि माळसोंड्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. पण नानांचं म्हणणं असं की आज ना उद्या आपला तालुका होणारच आहे, तर पोस्टाला आतापासून सवय लागलेली बरी. नातेवाइकांनीही तसंच लिहावं असा त्यांचा आग्रह असे. नांदेडचा माझा मामा तेवढा ऐकायचा नाही. तो मुद्दाम ठळक अक्षरात 'तालुका अहमदपूर' लिहायचा आणि त्याचंच पत्र दोन दिवसांत पोचायचं. बाकीच्यांची पत्रं आठवडाभर जिल्हा हिंडून यायची. नाना म्हणायचे, पोस्टखात्यात सुधारणेला लई वाव हाय.

जागचं न हलता प्रवास कसा करावा हे आमच्या गावाकडून शिकावं. निजामाच्या अमलात आम्ही बीदर जिल्ह्यात होतो. आजोबांच्या जमिनीचा कागद उर्दूत होता आणि त्यावर बीदरचा शिक्का होता. तो वाचता येणारं गावात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्याचा मान फार. मग राज्यांची मोडतोड झाली, बीदर कर्नाटकात गेलं आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात पडलो. बीदर लांब होतं, म्हणून सरकारनं आम्हाला त्याहून लांबचा जिल्हा दिला. नानांच्या शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे, माझ्या जन्माच्या नोंदीवरही तेच. मी अंगणवाडीत असताना लातूर वेगळा जिल्हा झाला. त्यातलं मला फक्त मिरवणूक आणि नाकात गेलेला गुलाल आठवतो. आमच्या लोखंडी कपाटात असे तीन जिल्हे एकावर एक नांदत होते, आणि तिन्ही जिल्ह्यांत आई पाणी आणायची ते त्याच आडावरून. नानांनी या सगळ्यातून सिद्धांत काढला होता की सरकार आधी चुकतं आणि मग हळूहळू आपल्याजवळ येतं. आता फक्त शेवटचं पाऊल उरलंय. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ते यायच्या आधी पाहुण्याला पाणी द्यायची तरी सोय करा. आड आटून राहिलाय."

नाना गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक होते आणि तालुका निर्मिती कृती समितीचे सर्व काही होते, फक्त पदाधिकारी नव्हते. सरकारी नोकरानं सरकारकडं मागण्या करायच्या नसतात, म्हणून समितीचे अध्यक्ष गणपतअप्पा. अप्पा सरपंच होते, भाषण करायचे आणि सही करायचे, दोन्ही कामं त्यांना सारखाच वेळ घेत. मजकूर नानांचा असायचा. पण नानांचं अक्षर शिक्षण खात्यातल्या शिपायापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून ते कागदावर दिसून उपयोग नव्हता. मग अक्षर माझं. माझं अक्षर छापल्यासारखं होतं, असं लोक म्हणायचे आणि त्या कौतुकापायी मी गावचे सगळे अर्ज फुकट लिहिले. आमचा खरा शत्रू सरकार नव्हतंच. तो सहा मैलांवर होता, वडहिंगणी नावाचा. त्यांनाही तालुका हवा होता. वडहिंगणी हमरस्त्यावर होती आणि माळसोंड्याला यायचं तर हमरस्ता सोडून तीन मैल आत यावं लागे. नानांनी नकाशावर सूत धरून सिद्ध केलं होतं की भोवतालच्या एकूणचाळीस गावांचा मध्य बरोबर आमच्या मारुतीच्या पारावर येतो. यष्टी सुतावरून धावत नाही, ही अडचण त्यांनी किरकोळ मानली.

मग भूकंप झाला. मी दहावीत होते. गणपती बुडवून गाव झोपलं होतं आणि पहाटे जमीन हलली. आमच्याकडं माणूस गेलं नाही. किल्लारीकडची गावंच्या गावं गेली. नाना दोन दिवस तिकडं जाऊन आले, दगड उपसून त्यांचे हात सोलवटले होते. त्या दिवसांबद्दल मला थट्टा सुचत नाही आणि सुचू नये. थट्टा सुरू होते ती नंतर, पंचनाम्यापासून.

भिंतीत किती रुंद भेग आहे त्यावर गावाची प्रतवारी आणि मदत ठरणार, असं कळलं. ज्यांच्या भिंती निर्लज्जासारख्या शाबूत राहिल्या होत्या त्यांनी पहारी काढल्या. आमच्या गल्लीत दोन दिवस ठकठक चालू होती. आई म्हणाली, "भूकंप अजून सरलाच न्हाई म्हणायचा." शेजारच्या घरात पहार जरा मनापासून बसली आणि अख्खी भिंत खाली आली. गाव भेटायला गेलं तर ती बाई पदर तोंडाला लावून म्हणते, भेग पाडायची होती वो, भिंत कशाला पडावी. या साऱ्या धांदलीत गावात एकच प्रामाणिक भेग होती, ती शाळेच्या चौथीच्या वर्गाची. पूर्वेकडच्या भिंतीत छतापासून खालपर्यंत. नानांनी मला तिथं उभं केलं आणि म्हणाले, हात घालून बघ. माझा हात मनगटापर्यंत आत गेला आणि बोटांना पलीकडचा वारा लागला. मी नुकसानीच्या यादीत लिहिलं : 'इयत्ता चौथीच्या वर्गाच्या पूर्वेकडील भिंतीस मनगट जाईल एवढी आरपार भेग असून सदर भिंत केव्हाही कोसळून जीवितहानी होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' शेवटचे शब्द नानांचे. यादीवर सही अप्पांची.

यादी गेली. घरांना पत्रे मिळाले, शाळेला उत्तर मिळालं : प्रस्ताव विचाराधीन. आम्ही अंगणात पत्र्याचं शेड उभारलं आणि दोन वर्षं त्यात राहिलो, घर धड असूनही. दुपारी पत्रा तापला की कडाड् कडाड् वाजायचा आणि पहिले काही महिने त्या आवाजासरशी आम्ही ताट सोडून बाहेर पळायचो. पुढं पुढं पळणं सुटलं, पण आई येसराची आमटी वाढताना वाटी एका हातानं धरून ठेवायची ती सवय तिला कायमची राहिली. चौथीचा वर्ग तिथंच भरत राहिला. नानांनी मुलांना भेगेच्या समोरच्या भिंतीकडं सरकवून बसवलं. दुसरी खोलीच नव्हती.

त्याच शेडात बसून मी दहावीचा अभ्यास केला आणि केंद्रात पहिली आले. तेव्हा लातूरला निराळाच भूकंप चालू झाला होता. बारावीच्या निकालात लातूरची पोरं वर येत होती, त्यांचे फोटो पेपरात झळकत होते आणि गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या लागत होत्या. ज्याच्याकडं जास्तीची खोली होती तो खोलीमालक झाला आणि ज्याच्याकडं जास्तीचा फळा होता तो सर झाला. मला तिथं जायचं होतं. मला केमिस्ट्री शिकायची होती, म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नव्हतं, पण शाळेत एका परीक्षानळीत नानांनी लिटमस निळ्याचा लाल करून दाखवला होता आणि तो मला सोडत नव्हता. नाना म्हणाले, "लातूरला कशाला? तालुका झाला की हितंच अकरावी सायन्स निघंल." मला वाटलं, मुलगी खोलीवर एकटी ठेवायला भीत असतील. खरं कारण मी आठ दिवसांनी स्वतःच्याच अक्षरात लिहिलं.

तालुक्याच्या निवेदनात सातवा मुद्दा होता : 'गावातील हुशार मुली विज्ञान शाखेअभावी घरी बसून आहेत.' मी लेखणी थांबवून विचारलं, "नाना, हुशार मुली म्हणजे कोण कोण?"

"तू."

"आणि?"

"निवेदनात जरा वाढवून लिहावं लागतंय."

"आणि मी लातूरला गेले तर?"

नाना गंभीर झाले. "तर मुद्दा सात खोटा पडंल. मी सरकारला खोटं निवेदन देणार न्हाई, संगीता."

हे ते मनापासून बोलले, म्हणूनच मी त्यांना आजवर लबाड म्हणू शकले नाही. त्याच निवेदनाचा चौथा मुद्दा असा : 'गावातील शाळा, दवाखाना व चावडी या सर्व इमारती पक्क्या व सुस्थितीत असून तालुका कचेरीस तात्काळ वापरता येतील.' तो मजकूर सांगताना नानांचा वेग जरा वाढला होता एवढंच. मीही तो न थांबता लिहिला. तेव्हा मला सातव्या मुद्द्यापुढं काही दिसत नव्हतं. वर्षभर मी पुरावा म्हणून घरी बसले. बरोबरीच्या पोरी एक तर लग्न होऊन गेल्या नाही तर लातूरला गेल्या. मी भाकरी शिकले, गोवऱ्या शिकले, अप्पांची नवी निवेदनं उतरवून काढली. मला नानांचा राग आला होता, आणि तो कुणाजवळ काढायचीही सोय नव्हती, कारण अख्खं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. देवमाणसाच्या घरात राहून बघा म्हणजे कळतं.

त्या हिवाळ्यात पाहणीला साहेब येणार असा निरोप आला. गाव सुस्थितीत आणायला चार दिवस मिळाले. चावडीला चुना लागला. फक्त गुरुवारी उघडणारा दवाखाना मंगळवारी उघडला आणि त्यात रुग्ण म्हणून तीन धडधाकट माणसं बसवण्यात आली. चौथीच्या वर्गातली भेग माती आणि भुसा कालवून बुजवली, ती दुसऱ्या दिवशी वाळून गळायला लागली. तेव्हा नानांनी मांजरपाटाच्या कापडावर लातूर जिल्ह्याचा भला मोठा नकाशा रंगवला आणि तो त्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत टांगला. त्यात माळसोंडा लाल टिकलीनं दाखवलं होतं. ती टिकली लातूरच्या टिकलीपेक्षा मोठी होती. वडहिंगणी नकाशात नव्हतीच.

साहेब आले ते बारीक चणीचे, कमी बोलणारे. दवाखान्यातल्या रुग्णांची त्यांनी चौकशी केली नाही, चावडीकडं लांबूनच बघितलं आणि सरळ शाळेत आले. समिती पाठोपाठ. मला आधीच सांगून ठेवलं होतं की चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा घेऊन चौथीच्या वर्गात यायचं, म्हणजे नाष्टाही होईल आणि मुद्दा सातही दिसेल. मी ताटली घेऊन दारात पोचले तेव्हा साहेब नकाशासमोर उभे होते आणि अप्पा एकूणचाळीस गावांचा मध्य समजावून सांगत होते. तेवढ्यात बाहेर वारं सुटलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती. तरी नकाशा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला. मुलं हसली. अप्पा म्हणाले, "हवेशीर वर्ग हाय, साहेब." साहेबांनी दोन बोटांनी नकाशाचा कोपरा उचलला आणि मातीचं एक ढेकूळ त्यांच्या बुटावर पडलं.

ते चिडले नाहीत. त्यांनी बूट झटकला, टेबलाशी बसले आणि फायलीतून दोन कागद काढून शेजारी शेजारी मांडले. भूकंपाच्या वेळी पंचनाम्याला तेच साहेब आले होते, तेव्हा हुद्दा लहान होता. सरकारी दफ्तरात हवा तो कागद कधी सापडत नाही. हा नको होता म्हणून पहिल्या फटक्यात सापडला होता. एका कागदावर मनगट जाईल एवढी भेग, दुसऱ्यावर पक्की आणि सुस्थितीतली इमारत. दोन्हींवर अप्पांची सही, आणि दोन्ही एकाच छापल्यासारख्या अक्षरात.

"हे अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

सगळी समिती छताकडं बघायला लागली. नाना पुढं झाले, "साहेब, त्याचं असं हाय..."

"माझं," मी म्हणाले.

"दोन्ही?"

"दोन्ही."

साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मग बाई, यातलं खरं कोणतं?"

मी नानांकडं बघितलं. त्यांनी डोळ्यांनी काही खुणावलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. पण ते नकाशाकडं बघत होते. दुसरा कागद खरा म्हटलं असतं तर तालुका आला असता, त्यामागं कधीतरी सायन्स आलं असतं, मीही सुटले असते कदाचित. आणि त्या भिंतीच्या खोलीत तीस मुलं आमची तोंडं बघत बसली होती. मी त्यांच्यासाठी बोलले असं इथं लिहिलं तर प्रकरण शोभून दिसेल. ते निम्मंच खरं आहे. उरलेला निम्मा राग होता.

"भेगेचं खरं हाय," मी म्हणाले. "तवा मनगट जात होतं, आता कोपर जातंय. आन् मुद्दा सात बी खरा हाय. पण हुशार मुली न्हाईत, साहेब, एकच हाय."

साहेबांनी काहीतरी लिहिलं, "या खोलीत उद्यापासून मुलं बसवू नका," एवढं नानांना सांगितलं, सुशीलाला हात न लावता उठले आणि जीप वडहिंगणीच्या दिशेनं गेली. तिथं त्यांना काय दाखवलं ठाऊक नाही. बहुतेक रस्ता दाखवला असेल.

गावानं मला लगेच नाव ठेवलं : तालुकाबुडवी. आडावर गेलं की बायका गप्प व्हायच्या. अप्पा आमच्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलायचे, "पोरीला अक्षर शिकवावं, पण अक्कल बी शिकवावी." त्यावर आईनं एकदा शेडातूनच उत्तर दिलं, "तालुका काय तिच्या पदराला बांधला होता का, सुटून पडायला?" नाना मात्र माझ्याशी बोलले नाहीत. रागावले नाहीत, टाकून बोलले नाहीत, फक्त बोलले नाहीत. चौथीचा वर्ग त्यांनी दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली भरवला. मला निवेदनं लिहायला कुणी सांगेना आणि समितीचं कामही बंद पडलं.

आज मी नांदेडला राहते आणि लातूरनं जे सुरू केलं त्याचीच भाकरी खाते. म्हणजे शिकवणीच्या वर्गात केमिस्ट्री शिकवते. माझ्याकडं नायगावची, उमरीची, म्हणजे नव्या तालुक्यांची पोरं येतात. आपला तालुका सृष्टीच्या आरंभापासून आहे असं त्यांना वाटतं. वडहिंगणीचाही काही वर्षांनी झाला, आमच्या गावासकट. तिथल्या तहसीलच्या आवारात मी वारसाच्या कामासाठी दोनदा जाऊन आले. खुर्च्या चांगल्या आहेत, माणसं जेवायला गेलेली असतात. नव्या जिल्ह्याची बातमी आली की गावागावांत कृती समित्या निघतात, आणि पेपरात निवेदन देतानाचा फोटो बघताना मी अजून कडेला कुणी मुलगी उभी आहे का ते शोधते.

तर भिंतीचं. साहेबांनी चार ओळींचा शेरा मारला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंत उतरवायला मजूर आले. नाना देखरेखीला उभे होते. पहिल्याच गड्यानं पहार नुसती अजमावायला म्हणून मारली आणि अख्खी भिंत, वरच्या तुळईसकट, मुलं जिथं सरकून बसायची तिथपर्यंत येऊन पडली. नाना दुपारी घरी आले. अंगावर धुरळा तसाच. शेडात बसले आणि आईला म्हणाले, "एका घावात आली." आईनं पाणी दिलं ते हातात धरून राहिले. पत्रा कडाडला तर दचकले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही.

जून लागला तसे एका सकाळी म्हणाले, "संगीता, आवर. अहमदपूरला जायचंय."

वर्षभर शिक्षण बंद असेल तर खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते तहसीलमधून करून घ्यायचं असतं. कचेरीच्या बाहेर चिंचेखाली एक म्हातारा अर्जनवीस पेटी मांडून बसला होता. त्यानं माझं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि विचारलं, "तालुका?"

"अहमदपूर," नाना म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं. कंस नाही, काही नाही.

"खंडाचं कारण आजारपण लिवतो," अर्जनवीस म्हणाला. "समदे तेच लिवतेत. कावीळ लिवू का टायफॉइड?"

"आणा इकडं," नाना म्हणाले. त्यांनी त्याच्या हातातून लेखणी घेतली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात शाळेबाहेरच्या सरकारी कागदावर लिहिलं : 'खंड पडण्याचे कारण : वडिलांची चूक.'

अर्जनवीसानं चष्मा कपाळावर चढवला. "असं चालत न्हाई, गुरुजी. हसतील लोक."

"हसू द्या."

आत शिक्का मारणाऱ्यानं रीतीप्रमाणे न वाचता शिक्का मारला, त्यामुळे चाललं. तिथूनच आम्ही लातूरची गाडी धरली. वाटभर नाना खिडकीबाहेर बघत होते आणि मांडीवर तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीशी पोचेपर्यंत दुपार झाली. आतल्या कारकुनानं मार्कलिस्ट बघितली, दाखला बघितला, मग प्रतिज्ञापत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग खिडकीतून वाकून रांगेकडं बघत विचारलं, "या मुलीचे वडील आलेत का सोबत?"

"मी," नाना म्हणाले.